इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? पुणे, जुनी सोसायटी, अधूनमधून कोल्हापूर

निनाद_को

मंडळी, आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक आता सारखी गॅरेजची वाट धरते. नवीन घ्यायची हे नक्की. बजेट ऑन रोड पंधरा-सोळा लाख. घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते इलेक्ट्रिकच. कोल्हापूरहून बाबा फोनवर म्हणतात, "बॅटरीवरची वस्तू पाच वर्षांत भंगारात जाते. आपला इन्व्हर्टर आठव."

वापर असा: कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन रोज पंचेचाळीस किमी. महिन्या-दोन महिन्यांनी कोल्हापूर. वर्षाकाठी एकदा कोकण. सोसायटी नव्वदच्या दशकातली, खाली स्टिल्ट पार्किंग, माझी जागा मीटर रूमच्या अगदी दुसऱ्या टोकाला.

प्रश्न दोनच. आज हे परवडतं आणि जमतं का? आणि सात-आठ वर्षांनी विकायला काढली तर कुणी घेईल का, की तोवर सगळं तंत्रज्ञानच बदललेलं असेल? यूट्यूबवाल्यांनी डोकं पिकवलंय. रोज चालवणाऱ्यांनी सांगावं.

तिसरा_गिअर

सीएनजी घे. विषय संपला.

अनघा_ठाणे

तिसरा_गिअर, हा प्रतिसाद पंपावरच्या रांगेत उभं राहून टंकलात का? तिथे वेळ भरपूर मिळतो म्हणून विचारलं.

निनाद, आमच्याकडे ४५ किलोवॉट-अवर बॅटरीची गाडी आहे. (पुढे नुसतं 'युनिट' म्हणते, वीजबिलातलं युनिट तेच.) कंपनीने जाहिरातीत सांगितलेल्या रेंजचे सरळ सत्तर टक्के धर आणि त्यावर हिशोब कर. शहरात एका युनिटला सात किमी आरामात मिळतात. हायवेवर शंभरच्या आसपास ठेवलीस तर सहा-सव्वासहा. एकशेवीसला नेलीस तर आकडा डोळ्यांदेखत उतरतो. पेट्रोल गाडीत हायवेला ॲव्हरेज वाढतं, इथे उलट. गर्दीत ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते, मोकळ्या रस्त्यावर नुसता वारा कापायचा असतो.

हिंजवडीच्या रांगेत ही गाडी सुख आहे. क्लच नाही, गिअर नाही, थरथर नाही. संध्याकाळी गुडघे आपलेच वाटतात.

आता वाईट बाजू. मोठी बॅटरी ठणठणीत, पण बॉनेटखालची साधी १२ व्होल्टची बॅटरी बसली आणि गाडी जागची हलेना. दारं, स्क्रीन, मोठ्या बॅटरीचे रिले, सगळं त्या छोटीवर चालतं. टो करून नेली. सर्व्हिस सेंटरमध्ये माणसं सभ्य होती, पण गाडी उघडायचा अधिकार असलेला इंजिनिअर एकच आणि तो दुसऱ्या शहरात. गाडी बरेच दिवस तिथेच. कोपऱ्यावरचा मेकॅनिक या गाडीला हात लावत नाही, हे घेण्याआधी मनात पक्कं कर.

पॉपकॉर्न_आजी

जागा धरून बसले आहे. कोळसावाले अजून कसे आले नाहीत?

खडूस_काका

आलो.

ही 'स्वच्छ' गाडी ज्या विजेवर चालते ती देशात सत्तर टक्क्यांहून जास्त कोळशातून येते. सायलेन्सर कोथरूडमधून काढून औष्णिक केंद्राच्या धुराड्याला लावला, एवढंच झालं. बॅटरीसाठी लिथियम, कोबाल्ट खणायचं ते वेगळंच. पर्यावरणाचं पुण्य मिळवायचं असेल तर पीएमपीच्या बसने जा.

ओहम

काका, अर्धं बरोबर आहे. अर्धं जुनं झालंय.

आयसीसीटी या संस्थेने २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा हिशोब मांडला होता. भारतातली मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी, आपल्याच कोळसाबहुल विजेवर धरूनसुद्धा, पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी उत्सर्जन करते असं त्यात निघालं. युरोपात हा फरक बराच मोठा आहे, कारण तिथली वीज वेगळी. म्हणजे आपल्याकडे फायदा आहे, पण ढोल वाजवण्याइतका नाही. कारण साधं: पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून उधळतं, मोटर जवळजवळ सगळी चाकाला देते. शिवाय आज घेतलेली पेट्रोल गाडी दहा वर्षांनी आजच्यापेक्षा स्वच्छ होणार नाही. ग्रिडमध्ये सौर वाढली की जुनी इलेक्ट्रिक गाडी आपोआप स्वच्छ होते.

कोबाल्टचं म्हणाल तर आता बऱ्याच गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी येते, एलएफपी. तिच्यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. महिंद्राची चाकणहून येणारी बीई ६ आणि एमजीची विंडसर, दोन्हींत तीच आहे. वजनाला जरा जड, पण उन्हात आणि अपघातात जास्त शांत राहते. चार्जिंगची आवर्तनंही जास्त झेलते.

चांदागड

मोठ्या भक्तिभावाने वाचतो आहे. आमच्या चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. तुमच्या कोथरूडात धूर कमी होईल, आनंद आहे. पण १९ ते ३४ टक्के हे सरासरीचं झालं ना बाप्पा? उरलेला धूर सरासरीत नाही पडत, आमच्या गच्चीवर पडतो. वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी काढून पाहा म्हणजे समजेल.

घेऊ नका असं म्हणत नाही. माझ्या भावाने घेतली आहे. पण गाडीवर हिरवी पाटी लागली की माणूस स्वतःला झाड समजायला लागतो, ते जरा आवरा. आणि छतावर सौर पॅनल टाकायची ऐपत असेल तर आधी ते टाका. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

उन्हाचंही सांगतो, कारण पुणेकरांना हा अनुभव नाही. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गाडी उन्हात उभी करून लगेच फास्ट चार्जरला लावली की वेग पडतो. बॅटरी स्वतःला थंड करण्यात वीज घालवते. भाऊ उन्हाळ्यात पहाटे चार्ज करतो.

पॉपकॉर्न_आजी

"माणूस स्वतःला झाड समजायला लागतो". आजचे पैसे वसूल.

वायरमन

रेंज, कोळसा, लिथियम सगळं ठीक आहे हो, पण खरा प्रश्न कुणी विचारला नाही. निनादभाऊ, गाडी रात्री उभी राहते तिथे १५ अँपिअरचा प्लग येऊ शकतो का? येत असेल तर घ्या. येत नसेल तर कितीही रेंजची असली तरी घेऊ नका. मी ही कामं करतो, माझ्याकडे येणारे निम्मे लोक गाडी बुक करून मग विचारायला येतात.

गणित बघा. साधा १५ अँपिअरचा प्लग तासाला तीनएक युनिट देतो. रात्री आठ तास लावली तर पंचवीस युनिट. अनघाताईंच्या हिशोबाने दीडशे किमीच्या वर. तुमची रोजची गरज पंचेचाळीस. कंपनी ७.२ किलोवॉटचा चार्जर फुकट देते म्हणून लोक तोच लावायचा हट्ट धरतात. त्याला ३२ अँपिअर लागतात. वर घरात एसी आणि गीझर चालू असला की सिंगल फेजचा मंजूर भार ओलांडतो, मग भार वाढवायचा अर्ज, थ्री फेज, सगळं आलं. रोजच्या वापराला त्याची गरज नसते. प्रवासाच्या आदल्या रात्री घाई असते, तेवढंच.

जुन्या सोसायटीत खरी अडचण अर्थिंगची. गाडी हुशार असते, अर्थिंग बरोबर नसेल तर चार्जिंगच सुरू करत नाही, लाल दिवा दाखवते. मग गिऱ्हाईक म्हणतं चार्जर खराब आहे. पार्किंगजवळ नवीन अर्थिंगचा खड्डा घ्या. मीटर रूमपासून स्वतंत्र केबल, तांब्याचीच. लांबी जास्त असेल तर एक माप जाड. एमसीबीसोबत आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, तिथे पैसे वाचवू नका. एक्स्टेन्शन बोर्ड वापरणार असाल तर मला फोन करू नका, अग्निशमन दलाला करा.

आता बिल. तुमचे महिन्याला हजार-अकराशे किमी म्हणजे पावणेदोनशे युनिट, चार्जिंगमधली गळती धरून दोनशेच्या जवळ. घरचं दोनशे आधीच असेल तर एकत्र मीटरवर तुम्ही ३०० च्या वरच्या टप्प्यात जाता, तिथे दर चढतो. ईव्ही चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी दरश्रेणी आहे, वेगळं मीटर घेता येतं. पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटर म्हणजे सोसायटीशीही भांडण नाही, तुमची वीज तुमच्या बिलात.

निनाद_को

वायरमन, हे सोनं आहे. पण सोसायटी! सेक्रेटरी म्हणतात, "एकाला दिलं की सगळे मागतील. आग लागली तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, पेट्रोलच्या टाक्या घेऊन इतक्या गाड्या खाली उभ्या आहेत, त्यांना जबाबदार कोण? त्यावर विषय पुढच्या सभेवर ढकलला.

मुक्ता_वि

सोसायट्यांनी चार्जिंगची परवानगी अडवू नये असं सहकार आयुक्तांचं परिपत्रक आहे. त्याची प्रत अर्जाला जोड. तोंडी बोलू नकोस, लेखी दे आणि पोच घे. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे म्हणून दुसरी बाजूही सांगते. सेक्रेटरीचं "सगळे मागतील" हे वाक्य मूर्खपणाचं नाही. दहा जणांनी एकाच वेळी चार्जर लावले तर इमारतीचा ट्रान्सफॉर्मर आणि मुख्य केबल पेलणार नाही. पहिले तीन-चार सुटतात, पाचव्याला नकार मिळतो आणि मग 'त्यांना कसं दिलं' हे सुरू. आम्ही एकदाच मीटर रूमपासून सगळ्या पार्किंगभर केबल ट्रे फिरवून घेतला, खर्च सगळ्यांत वाटला. ज्याला हवं त्याने त्यातून आपली केबल न्यायची. भांडण झालंच, पण एकदाच झालं.

तू अर्ज करताना हे सुचव. एकट्यासाठी परवानगी मागणारा सभासद आणि सगळ्यांची सोय सुचवणारा सभासद, यांना सभेत वेगवेगळी वागणूक मिळते.

आग लागण्याबद्दल: २०२२ च्या उन्हाळ्यात ज्या आगींनी सगळे घाबरले त्या स्कूटरच्या होत्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. सेक्रेटरींना हेही लिहून दे.

रस्त्यावरचा_भाडेकरू

वायरमन यांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला आणि दुःखही. माझी गाडी रात्री नारायण पेठेत बोळाच्या तोंडाशी उभी असते, तीही जागा मिळाली तर. चौथ्या मजल्यावरून वायर सोडू का? या शहरात माझ्यासारखे किती असतील! धोरणं सगळी बंगलेवाल्यांसाठी.

वायरमन

तुम्ही पेट्रोलच घ्या, खरं सांगतो. रोज सार्वजनिक फास्ट चार्जरवर अवलंबून राहिलात तर युनिटला अठरा ते पंचवीस रुपये, जीएसटी धरून. स्वस्ताईतला निम्मा जीव तिथेच गेला. वर कुणाची तरी गाडी फुल्ल होऊन तशीच उभी आणि मालक आत मिसळ खातोय.

तिसरा_गिअर

सीएनजी म्हटलं होतं.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

निनाद, तुझे बाबा कोल्हापूरचे म्हणून लिहितो. रस्त्याची काळजी करू नको लका. पुणे आणि कोल्हापूर उंचीला जवळजवळ सारखंच, मधे कात्रज, खंबाटकी चढलास की उतरतोसच. सव्वादोनशे-अडीचशे किमी. ४५ युनिटांची गाडी सकाळी फुल्ल करून निघालास तर पोहोचतोस, पण काठावर. साताऱ्यात नाहीतर कऱ्हाडात हॉटेलला थांबून अर्धा तास लावायची. तेवढा वेळ आपण चहा-भजीला घालवतोच. कोल्हापुरात घरी १५ अँपिअरचा प्लग आहे का ते बाबांना विचार. गीझरला असतोच.

टोलचं नीट समजून घे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी महामार्गावर. आपला हायवे राष्ट्रीय. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, चारही ठिकाणी फास्टॅगमधून पैसे जाणारच. शोरूमवाला 'सर टोल फ्री' म्हणेल, ऐकून सोडून दे.

आता माझं दुःख. आमच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या कशावर उभ्या आहेत? इंजिनाचे ब्लॉक, सिलिंडर हेड, असलं कास्टिंग. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही. ट्रॅक्टर आणि ट्रकवर आमचं चाललंय म्हणून अजून कुणी घाबरत नाही, पण कारचं काम ज्यांच्याकडे होतं ते आता ॲल्युमिनियमकडे बघायला लागलेत. मोटरची बॉडी, बॅटरीची पेटी ॲल्युमिनियमची लागते. बिडाची भट्टी आणि ॲल्युमिनियमचं डायकास्टिंग हे वेगळे धंदे आहेत, यंत्र वेगळं, कारागीर वेगळा, बँकेचं कर्ज पुन्हा नवं.

भोसरी_इंद्रायणीनगर

फौंड्रीवाले, हात मिळवा. माझ्याकडे सीएनसीवर गिअरचे आणि व्हॉल्व्हचे भाग होतात. गिऱ्हाईक कंपनीचा माणूस म्हणतो, "आम्ही सगळ्या पर्यायांवर काम करतोय." म्हणजे पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड, ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), इलेक्ट्रिक, सगळंच. मोठ्या कंपनीला सगळ्या पर्यायांवर काम करता येतं. मला एक मशीन घ्यायचं तर सात वर्षांचा हप्ता असतो. मी कोणत्या पर्यायावर काम करू?

लोकांना वाटतं चाकणला इलेक्ट्रिक गाड्या बनतात, रांजणगावला बनतात, म्हणजे पुण्याचं भलंच. जोडणी इथे होते, खरं आहे. पण बॅटरीतला सेल बाहेरून येतो आणि तोच तर गाडीतला सगळ्यात महाग भाग. मोटरमधल्या चुंबकांचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा आकुर्डीच्या बजाजच्या चेतक इलेक्ट्रिक स्कूटरपर्यंत धग पोचली. तेलासाठी आखाताकडे बघायचो, आता सेल आणि चुंबकासाठी चीनकडे बघतो.

खडूस_काका

हेच मी म्हणणार होतो, यांनी चांगलं म्हटलं.

जुना_वाचक

थोडे अवांतर. इलेक्ट्रिक मोटार ही 'भविष्याची गाडी' म्हणून पहिल्यांदा आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार इलेक्ट्रिक होती. १८९९ साली कामी जेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने ती चालवली. पेट्रोलची गाडी तेव्हा हँडल मारून सुरू करावी लागे, मनगट मोडण्याची भीती असे. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडी बटणावर सुरू होऊ लागली. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीला मागे टाकले ते एका छोट्या इलेक्ट्रिक मोटरनेच.

आपल्याकडे बंगळुरूची रेवा २००१ मध्ये आली. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, दोन माणसे आणि दोन पोरे, ऐंशीच्या आसपास किलोमीटर. निनाद यांच्या वडिलांच्या मनात बहुधा तीच बॅटरी असावी. इन्व्हर्टरमध्येही तीच असते. आताच्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी सर्रास मिळते.

आणि एस.टी.चे सांगितल्यावाचून राहवत नाही. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. नगर-पुणे धावली. १ जून २०२२ रोजी पहिली इलेक्ट्रिक शिवाई धावली, तीही पुणे-नगर मार्गावरच.

फ्योर्डकाठी

नॉर्वेहून. इथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. त्यामुळे भारतातले नातेवाईक मला "तुमच्याकडे जमतं मग आपल्याकडे का नाही" असं विचारतात. उत्तर सोपं आहे. इथली वीज बहुतांश धरणांची. पेट्रोल गाडीवर जबर कर, इलेक्ट्रिकवर वर्षानुवर्षं माफ. आणि हे एका दिवसात झालेलं नाही. १९८९ मध्ये आ-हा या पॉप बँडमधले दोघे आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे यांनी इलेक्ट्रिक करून घेतलेली एक फियाट पांडा टोलनाक्यांवरून पैसे न देता पुन्हा पुन्हा नेली. सरकारने गाडी जप्त करून लिलावात काढली, यांनीच परत विकत घेतली. नव्वदच्या दशकात टोलमाफी आली. फौंड्रीवाल्यांनी टोलचं लिहिलं म्हणून आठवलं.

थंडीत रेंज चांगलीच कमी होते, हे खरं. इंजिन नसल्यामुळे हीटरला फुकटची उष्णता नाही. आम्ही निघण्याआधी गाडी प्लगला लावलेली असतानाच आतून गरम करून घेतो. पुण्यात हा प्रश्न नाही, तुमचा एसी त्यामानाने कमी खातो.

पण एक गोष्ट तिकडेही लागू पडेल. इथेही ज्याच्या घरी चार्जर आहे तो रेंजबद्दल बोलत नाही. इस्टरच्या सुट्टीत डोंगराकडे निघालेली गर्दी तेवढी बोलते.

रत्नांग्री

आमचा इस्टर म्हणजे गणपती. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, तुमची बॅटरी खड्ड्यात नाही संपली तर रांगेत संपेल. चार्जर आहेत हो, पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. पण चतुर्थीच्या आधीच्या दोन रात्री एका चार्जरवर अख्खी मुंबई. त्यात पावसात वीज गेली म्हणजे गेली. कोकणात वर्षातून एकदा येणार ना? तेव्हा रेल्वेने ये. नाहीतर चतुर्थी सोडून कधीही ये, आंबे आहेत.

ओहम

कोकणाचं निघालंय तर घाटाचं गणित मांडतो, लोक उगाच घाबरतात. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढ. माणसांसकट गाडी १८०० किलो धरा. तेवढं वजन तेवढं उचलायला पावणेतीन युनिट लागतात, नुकसान धरून तीन-सव्वातीन. म्हणजे बोरघाट चढताना ४५ युनिटांच्या बॅटरीतले सात टक्के जास्तीचे गेले. येताना उतारावर त्यातला बराच भाग परत मिळतो. फक्त बॅटरी शंभर टक्के भरून उतारावर निघू नका. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावत नाही, मग सगळा भार ब्रेकवर येतो. महाबळेश्वर-पाचगणीला मुक्काम करणाऱ्यांनी हॉटेलात ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवावं.

निनादच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. तंत्रज्ञान बदलणारच. पुण्यातच केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यामागे आयसर या पुण्यातल्या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचं काम आहे. सोडियम मिठात आहे, लिथियमसारखं शोधत फिरावं लागत नाही. आपल्याकडे जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टन लिथियमचा अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला आणि लगेच सगळ्यांनी लाडू वाटले, पण लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. अंदाज आणि खाण यांत बरीच वर्षं असतात.

म्हणून सात वर्षांनी आजची गाडी जुनी वाटेल, किंमतही पेट्रोलपेक्षा जास्त घसरेल. हे नुकसान हिशोबात आधीच धर. मात्र जुनी वाटणं वेगळं आणि निकामी होणं वेगळं. रोज तिला पंचेचाळीस किमीच जायचं आहे. बॅटरी वीस टक्के उतरली तरी ते काम ती करतेच. विकताना गिऱ्हाईक बॅटरीची प्रकृती किती टक्के हे विचारेल, त्याचा अधिकृत दाखला सर्व्हिस सेंटरकडून घेऊन ठेव.

अनघा_ठाणे

पैशांचं मी सांगते, कारण आम्ही वहीत लिहून केलं होतं. पुण्याच्या गर्दीत पेट्रोल गाडी लिटरला तेरा देते असं धर. लिटर एकशेचार. किमीला आठ रुपये. घरच्या विजेवर किमीला पावणेदोन-दोन. म्हणजे किमीमागे सहा वाचले. तुझे महिन्याला अकराशे किमी, सहा-साडेसहा हजार. वर्षाला पंच्याहत्तर-ऐंशी हजार. सर्व्हिसिंग स्वस्त, ऑइल बदलायचं नाही. टायर मात्र लवकर झिजतात, गाडी जड आणि सिग्नलवर पाय आवरत नाही.

दुसऱ्या पारड्यात किमतीतला फरक. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के आणि राज्यात मोटार वाहन कर माफ, पेट्रोलला तो किमतीनुसार अकरा ते तेरा टक्के. त्यामुळे ऑन रोड फरक शोरूम किमतीतल्या फरकाइतका राहत नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्या बऱ्याच स्वस्त झाल्या. जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नकोस, आजची दोन्ही कोटेशन घे. फरक तीन लाखांच्या आत असेल तर चार वर्षांत सुटतो. महिन्याला पाचशे किमीच चालणार असती तर मी घेऊ नको म्हटलं असतं.

खडूस_काका

आणि सरकारने उद्या करमाफी काढली तर? राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर सुचवला होताच की.

मुक्ता_वि

सुचवला आणि मागेही घेतला. पण काकांचा मुद्दा राहतोच. पेट्रोलवरचा कर हे राज्याचं मोठं उत्पन्न आहे. रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की तो पैसा कुठून तरी वसूल होणार, मग तो किमीवर असो की विजेवर. सध्या देशात विकल्या जाणाऱ्या शंभर कारमध्ये जेमतेम चार-पाच इलेक्ट्रिक असतात, म्हणून लाड चालू आहेत. निनाद, लाड आहेत तोवर घे.

रस्त्यावरचा_भाडेकरू

म्हणजे माझ्या पेट्रोलवरच्या करातून यांच्या करमाफीची सोय. वा.

चांदागड

आणि आमच्या राखेतून. या, दोघं मिळून चहा घेऊ.

निनाद_को

सगळ्यांचे आभार. थोडं पुढे सरकलंय. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला आणून मीटर रूमपासून माझ्या जागेपर्यंत मोजून घेतलं. केबल भिंतीच्या कडेने जाते, चर खणायची गरज नाही. अर्थिंग मात्र वायरमन म्हणाले तसंच निघालं, जुना खड्डा कोरडा ठाक. नवीन घ्यावा लागेल.

मुक्ता म्हणाली तसा केबल ट्रेचा प्रस्ताव लिहून दिला. सेक्रेटरींनी वाचला आणि विचारलं, "यात माझ्या पार्किंगपर्यंत पण येईल का?" त्यांचा मुलगा इलेक्ट्रिक स्कूटर घेतोय म्हणे.

बाबांना जुना_वाचक यांचा इन्व्हर्टरचा मुद्दा वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं. पण किणीच्या टोलवर पैसे पडणारच ना?"

टेस्ट ड्राइव्ह रविवारी. दोन गाड्यांत अडकलोय. एक एलएफपी आहे, दुसरीत मागची सीट आईच्या गुडघ्यांना बरी. बहुतेक मागची सीट जिंकेल.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

किणीला पडणारच. बाबांना नमस्कार सांग.

वायरमन

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन शेजारी बसवून हिंजवडीला नेऊ नका, तो रस्ता तुम्हाला माहीतच आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पलीकडे जाऊन या, एसी लावून, चार माणसं बसवून. निघताना आणि परत आल्यावर किती टक्के होती ते लिहून ठेवा.

आणि वेगळ्या मीटरचा अर्ज आत्ताच टाका, गाडी आल्यावर नको. पार्किंगची जागा तुमच्या ताब्यात आहे याचा कागद मागू शकतात. जुन्या सोसायट्यांत वाटपाचं पत्रच सापडत नाही, म्हणून सेक्रेटरी खुशीत आहेत तोवर ते लेटरहेडवर सही-शिक्क्यासह करून घ्या.